भारत आणि न्यूझीलंड, दोन्हीकडे कुरणं कमी झाली, तर कारण एकच धरायचं का?

तुम्ही विचारलंय की एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या) डेटात १९६१ पासून भारत आणि न्यूझीलंड दोघांचीही कायम कुरणाची जमीन घटलेली दिसते, मग दोन्हीकडे एकच कारण लिहिलं तर चालेल का. नाही चालणार. मी ऐरोलीला ऑफिसात दिवसभर जमीन वापराचा डेटाच बघते आणि ही चूक इतक्यांदा बघितलीय की जरा सविस्तर लिहिते.

आज दोन्ही देशांचा आकडा जवळपास सारखाच, १ कोटी हेक्टरच्या आसपास. पण भारत ३२.८७ कोटी हेक्टरचा आणि न्यूझीलंड पावणेतीन कोटीच्या आतला, म्हणजे तिकडे देशाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कुरण आणि आपल्याकडे जेमतेम तीन टक्के. आता आपली २०१९ ची पशुगणना घ्या, गायीबैल १९ कोटी २५ लाख, म्हशी जवळपास ११ कोटी, म्हणजे शेळ्यामेंढ्या सोडूनच हेक्टरी तीसेक गुरं झाली. एवढी गुरं त्या जमिनीवर जगूच शकत नाहीत. ती चरतात जंगलात, पडीक रानात, बांधावर, कापणी झालेल्या शेतात, आणि घरी पेंढा खातात. म्हणजे आपला आकडा सांगतो कागदावर गुरचरण म्हणून किती जमीन लिहिलीय, गुरं कुठे चरतात ते नाही.

एफएओची व्याख्या वापरावर आहे, पाच वर्षं किंवा जास्त काळ चाऱ्यासाठीच वापरात असलेली जमीन, मग गवत पेरलेलं असो की आपोआप उगवलेलं. माझ्या मामाची शहापूर तालुक्यात डोंगराच्या उतारावर तीन एकर वरकस, म्हणजे हलकी जमीन, आहे. दिवाळीनंतर तिथलं गवत कंबरेएवढं असतं, पिवळं पडायला लागलं की विळ्याने कापून भारे बांधतात, थोडे घरच्या बैलांना ठेवून बाकीचे टेम्पोने तबेल्याला जातात. माझ्या लहानपणापासून तिथे दुसरं काही पिकलेलं नाही, म्हणजे व्याख्येप्रमाणे ते कुरणच झालं, पण सातबाऱ्यावर वरकस. आणि त्याच गावच्या गुरचरणाच्या सर्व्हे नंबरवर आज शाळा आहे, पाण्याची टाकी आहे, सातआठ घरं आहेत, एक गाय चरत नाही, तरी कागदावर अजून गुरचरणच. गावागावातून असेच कागद वर जात जात देशाचा आकडा होतो.

अजून एक गोष्ट जी १९६१ पासून सुरुवात केली की दिसतच नाही. आपल्या सरकारी आकड्यांत १९५०-५१ ला कुरणं होती ६७ लाख हेक्टर आणि १९६०-६१ ला एकदम १.४ कोटी. दहा वर्षांत कुरणं दुप्पट झाली असं कोणी म्हणणार नाही. त्याच काळात किरकोळ झाडं-राई हा प्रकार १.९८ कोटींवरून ४५ लाखांच्या खाली आला, कारण जमीन वापराची नऊ प्रकारांची नवी वर्गवारी नुकतीच आली होती आणि जमिनी या खान्यातून त्या खान्यात गेल्या. म्हणजे तुमचा आलेख जिथून उतरायला लागतो ते शिखरच बरंचसं नोंदणीचं आहे. त्यानंतरची घट मात्र खरी आहे आणि ती बघून जीव तुटतो, गायरानं शेतीखाली गेली, घरांखाली गेली, सरकारी कामांना गेली. अतिक्रमणं एवढी वाढली की २८ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टाने जगपाल सिंग खटल्यात सगळ्या राज्यांना सांगितलं की गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायची योजना करा. ज्याच्याकडे स्वतःची जमीन नाही पण दोन शेळ्या आहेत, त्याचंच यात सगळ्यात जास्त गेलं.

न्यूझीलंडची गोष्ट वेगळी. तिकडे १९८२ ला मेंढ्या ७ कोटी होत्या, १९८४ पासून सरकारने शेतीची अनुदानं काढली, मग डोंगराळ, कमी उत्पन्नाची रानं परवडेनात. काहींवर पाइनची लागवड झाली, काही परत झाडोऱ्याखाली गेली, दक्षिण बेटावरच्या उंच भागातली भाडेपट्ट्याची बरीच सरकारी जमीन संवर्धनात गेली. मेंढ्या आता अडीच कोटींच्या आसपास आल्यात, पण सपाटीवर डेअरी वाढली, एकेका कोकराचं वजन वाढलं. तिथे कमी जमिनीतून जास्त काढलं, आपल्याकडे चराईची जागाच हातून गेली, आलेखावर मात्र दोन्ही रेषा खालीच जाताना दिसतात.

तेव्हा दोन्ही देशांचे हेक्टर शेजारी ठेवू नका. प्रत्येक देशाचा १९६१ चा आकडा १०० धरून रेषा काढा, शेजारी देशाच्या एकूण जमिनीतली टक्केवारी द्या आणि भारताच्या आलेखात १९५०-५१ चा ठिपका तुटक रेषेने जोडून खाली वर्गवारी बदलल्याची टीप टाका. एफएओच्या फाईलमध्ये आकड्याशेजारी फ्लॅगचा कॉलम असतो, ए म्हणजे अधिकृत, ई म्हणजे अंदाजे, आय म्हणजे आकडा नव्हता म्हणून हिशोबाने भरून काढलेला. बरेच जण डाउनलोड केल्या केल्या तो उडवतात, तुम्ही ठेवा. सलग दहा वर्षं एकच आकडा दिसला की आधी तिकडे बघा.