नाशिकच्या ओझर विमानतळाजवळ मुलांना घेऊन लेटरबॉक्सिंग किंवा जिओकॅशिंग करता येईल अशी छोटी निसर्गवाट आहे का? डबा कुठे लपवावा?

विमानतळाच्या भिंतीजवळ डबा लपवायचा विचार आधी सोडा. ओझर मिग म्हणतात ते उगाच नाही. 1964 पासून तिथे एचएएल या सरकारी कंपनीचा लढाऊ विमानांचा कारखाना आहे (मिग विमानं तिथलीच), हवाई दलाचा दुरुस्ती डेपो आहे, आणि आपलं प्रवासी विमान उतरतं तेही त्याच धावपट्टीवर. अशा ठिकाणी झुडपात घट्ट झाकणाचा डबा दिसला, तर मुलांच्या आधी बॉम्बशोधक पथक पोचेल. हेच मी माझ्या धाकट्या दिरांना सांगितलं होतं, तेव्हापासून आमचं जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही.

भाऊजी पक्के जीपीएसवाले, म्हणजे जिओकॅशिंगवाले: कुणी लपवलेला डबा त्याच्या अक्षांश-रेखांशांवरून मोबाइलने शोधायचा. अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक 2 मे 2000 ला काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉनमध्ये बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले, ही जिओकॅशिंगच्या जन्माची हकिकत ते सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगतात. मी शाळेत भूगोल शिकवलेली बाई. लेटरबॉक्सिंग त्याच्याही जवळजवळ दीडशे वर्षं आधीचं. 1854 मध्ये इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावर जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूलपाशी बाटली ठेवली, चालत पोचणाऱ्याने आपलं कार्ड त्यात टाकावं म्हणून. पुढे त्यात ठसे आले: डब्यातला ठसा आपल्या वहीत मारायचा, आपला ठसा डब्यातल्या वहीत. यात चिठ्ठी वाचून वाट काढावी लागते. "वहिनी, हे बालवाडीतलं झालं," असं भाऊजी म्हणाले. मग मीही इरेला पेटले.

आमचा मळा ओझरच्या अलीकडे आहे. पाटाच्या बांधावरून शेवटच्या लिंबापर्यंत जेमतेम किलोमीटरभर चाल, डोक्यावरून अधूनमधून सुखोई जातं. ठसा मी खोडरबरावर कोरला, टिटवीचा. (मुलांना भेंडीचे ठसे आवडतात, पण दुसऱ्या दिवशी भेंडी सुकते.) चिठ्ठीत लिहिलं: "मोटारीच्या खोलीकडे पाठ कर. बांध धरून मावळतीला चाल. तीन लिंब सोड, चौथ्याला रामराम घाल. त्याच्या पलीकडच्या उभ्या धोंड्याची सकाळची सावली पडते तिकडे बघ." भाऊजींना त्याच जागेचे अक्षांश-रेखांश दिले. दुपारी चारला दोन्ही पक्ष निघाले.

लिंबाखाली मोबाइलचा बाण नाचायला लागला. दाट पानांखाली उपग्रहाचा संदेश क्षीण होतो, मोकळ्यावरही पाच-सात मीटर इकडेतिकडे होतंच. भाऊजी झाडाभोवती प्रदक्षिणा घालत होते. मुलांनी आधी धोंड्याच्या सावलीत उकरलं, तिथे काही नाही. मग धाकटी पुतणी म्हणाली, "काकू, आत्ता सूर्य तिकडे आहे, मग सकाळी सावली उलट बाजूला ना?" डबा तिने काढला. मी फक्त एवढंच विचारलं, "भाऊजी, ते किमान चोवीस उपग्रह वर सोडलेत ते तुम्हाला लिंबाभोवती फिरवायला का?" त्यावर त्यांचं म्हणणं असं की मी मुद्दाम झाड निवडलं. निवडलंच होतं. लपवणाऱ्याचा तो हक्क आहे.

तर तुमचं उत्तर: फलक लावलेली निसर्गवाट शोधत बसू नका. ओझर, सुकेणे, दिंडोरी बाजूला ओळखीच्या कुणाचा मळा असेल तर मालकाला विचारा, त्याचा बांध पुरतो. पांडवलेण्यात डबा नको, ते संरक्षित स्मारक आहे. तिथे न लपवता खेळा, लेण्यांमधल्या खुणांवर प्रश्न काढा. जिओकॅशिंगमध्येही अर्थकॅश नावाचा बिनडब्याचा प्रकार आहे, त्यात दगड-माती बघून उत्तर द्यायचं असतं. आपला बसाल्ट त्याला उत्तम.

डबा रबरी कडेच्या झाकणाचा घ्या, वहीसोबत पेन्सिल ठेवा, पावसाळ्यात शाई फुटते. खाऊ ठेवू नका, मुंग्या लागतात. आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं: दगडाच्या फटीत मुलांनी थेट हात घालायचा नाही, आधी काठी. घोणस चिठ्ठी वाचत नाही. द्राक्षबागेत फवारणी झाली असेल त्या दिवशी जाऊच नका. काढणीच्या दिवसांत अनोळखी माणसं बागेत फिरताना दिसली तर शेतकरी चिडतो, आणि त्यात त्याचं चूक नाही.

जीपीएस वाईट आहे असं मी म्हणत नाही. डोंगरात वाट चुकली तर तेच कामाला येईल. पण आठ-दहा वर्षांच्या मुलांना पहिल्यांदा नेताय ना? मग मोबाइल खिशात ठेवा. भाऊजी हे वाचतीलच. त्यांना सांगते, दिवाळीत पुन्हा या, या वेळी झाड तुम्ही निवडा.