खानापूरकडच्या शाळेत मुलांसाठी ऑनलाइन सुरक्षेचं पहिलं सत्र घेताय ना?

ताई, पहिल्याच दिवशी चाळीस स्लाइड नेऊ नका. बेळगावात मी तेच केलं, पोरं जांभया देत बसली. तीनच गोष्टी सांगा:

- ओटीपी कुणालाच द्यायचा नाही.
- अनोळख्याला फोटो पाठवायचा नाही.
- कुणी धमकावलं तर चॅट पुसायचं नाही, स्क्रीनशॉट ठेवून मोठ्यांना दाखवायचा.

ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३०, मुलाला त्रास होत असेल तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८. दोन्ही नंबर वहीत उतरवून घ्या.

भीती मात्र घालू नका. ‘मोबाइल वाईट’ म्हटलं की फसलेलं पोर घरी तोंडच उघडत नाही. मराठी शाळेत मराठीतच बोला, कन्नड शाळेत कन्नड येणारा सोबती न्या. पालकांना संध्याकाळी बोलवा, दिवसा ते शेतात असतात. प्रायव्हसी सेटिंग वगैरे दुसऱ्या खेपेला.