जखम कुठे झाली, ते आधी विचार

प्रिय मित्रा,

तुझी यादी वाचली. प्रोग्रामिंगच्या सात भाषा, प्रत्येकीपुढे कुणाचं तरी मत, आणि खाली तुझा प्रश्न, 'यातली कुठली शिकू?' पायथनपुढे तर दोन मतं आहेत. एक म्हणतो, 'पायथन येत असेल तर दुसरं काही शिकायला नको.' दुसरा म्हणतो, 'ती खेळण्यातली भाषा आहे, मोठ्या कामाला घेऊ नकोस.' दोघंही अनुभवी, दोघंही ठाम. तू चक्रावलास यात नवल नाही.

मला विचारशील तर दोघंही खरं बोलतायत. पहिला बहुधा डेटावर काम करणारा असेल. फाइल उघडायची, आकडे चाळायचे, आलेख काढायचा आणि संध्याकाळच्या आत कुणाला तरी दाखवायचा. त्याला पायथनने कधी दगा दिलेला नाही. दुसऱ्याने दोन-तीन लाख ओळींची सिस्टम सांभाळली असणार. कुणीतरी एका फंक्शनचं, म्हणजे कोडच्या एका तुकड्याचं, नाव बदललं, ते नाव वापरणारी एक जागा बदलायची राहिली, प्रोग्राम हूं की चूं न करता सुरू झाला, आणि ती ओळ चालायची वेळ आली तेव्हा मध्यरात्री प्रॉडक्शन, म्हणजे लोक वापरत असलेली सिस्टम, आडवी झाली. अशा चार रात्री काढल्या की कोड यंत्रभाषेत उतरवतानाच असल्या चुका पकडणाऱ्या कंपायलरची माणूस भक्ती करायला लागतो.

म्हणून भाषेबद्दलचं मत ऐकलं की मी आधी मनात विचारते, या माणसाला लागलं कुठे? सी भाषेत पॉइंटरच्या, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांच्या, मागे धावून थकलेला माणूस रस्ट भाषेचं कौतुक करणारच. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की दरवर्षी ते सुरक्षेच्या ज्या त्रुटी दुरुस्त करतात त्यातल्या जवळपास ७० टक्के मेमरी चुकीची हाताळल्यामुळे आलेल्या असतात. असल्या त्रुटी निस्तरण्यात ज्याची वर्षं गेली त्याला रस्टचा कडक कंपायलर म्हणजे सुटका वाटते. ज्याला पन्नास ओळींची स्क्रिप्ट लिहून घरी जायचंय त्याला तोच कंपायलर खाष्ट सासूसारखा वाटतो. कंपायलर एकच.

मोठी माणसंही याला अपवाद नाहीत. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये एका भाषेत नल रेफरन्स, म्हणजे कशाकडेच न दाखवणारा रिकामा संदर्भ, आणला, कारण तो करायला अगदी सोपा होता. २००९ मध्ये एका भाषणात त्यांनी स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. आज कॉटलिन आणि स्विफ्ट 'ही व्हॅल्यू रिकामी असू शकते का?' हे तिच्या टाइपमध्येच, म्हणजे ती कुठल्या प्रकारची ते सांगतानाच, लिहायला लावतात, ते त्याच दुखण्यामुळे.

आणखी एक बघ, मत कधीचं आहे? मतं शिळी होतात आणि लोक ती गरम करून वाढत राहतात. 'जावा संथ आहे' हे नव्वदच्या दशकात बरोबर होतं. पुढे चालता चालताच कोड यंत्रभाषेत उतरवणारे कंपायलर आले आणि ते मत निकाली निघालं, तरी आजही कुणीतरी मला ते ऐकवतंच. गो भाषेत जेनेरिक्स, म्हणजे एकच कोड निरनिराळ्या प्रकारच्या डेटासाठी वापरायची सोय, नाहीत ही तक्रार २०२२ च्या मार्चपर्यंत रास्त होती. तुझ्या यादीत ती आहे, खोडून टाक. पायथनचं दुसऱ्या आवृत्तीवरून तिसरीवर जाणं २००८ च्या डिसेंबरपासून १ जानेवारी २०२० पर्यंत रखडलं. त्या काळात ज्यांनी जुना कोड हलवला ते पायथनबद्दल बोलताना अजून कडवट होतात, आणि मी त्यांना दोष देत नाही.

आता माझी जखम सांगते, म्हणजे माझं मतही कुठून येतं ते कळेल.

नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी माझ्याकडे रात्री चालणारा एक रिपोर्ट होता. चार तास घ्यायचा. मी सगळ्यांना सांगत सुटले की भाषाच संथ आहे, हे सी प्लस प्लसमध्ये लिहायला हवं. आवाज मोठा होता, वय कमी होतं, साहेबांनी होकार दिला. तीन महिने लागले. पहिल्या रात्री नवा प्रोग्राम लावून मी घड्याळाकडे बघत बसले. साडेतीन तास.

दुसऱ्या दिवशी एका वरिष्ठ बाईंनी काही न बोलता डेटाबेसचा लॉग उघडला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. पडद्यावर एकच क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, खालून वर धावत होती. ग्राहकाचं नाव आणा. ग्राहकाचं नाव आणा. फक्त ग्राहक क्रमांक बदलत होता. रिपोर्टच्या चाळीस हजार ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीसाठी माझा लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड, डेटाबेसकडे एक फेरी मारत होता. जुन्या भाषेत हेच चाललं होतं आणि नव्या भाषेत मी तेच इमानदारीने उतरवलं होतं. त्यांनी जुना प्रोग्राम काढला, दोन टेबलं एका जॉइनने, म्हणजे एकाच क्वेरीत, जोडली, लूपमधली क्वेरी काढून टाकली. अकरा मिनिटं. जुन्या, 'संथ' भाषेत.

तेव्हापासून कुणी 'भाषा बदलू या' म्हटलं की मी म्हणते, आधी मोजून दाखव. कधीकधी भाषाच बदलायला लागते, नाही असं नाही. डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपने एक सेवा गोमधून रस्टमध्ये नेली, कारण न लागणारी मेमरी मोकळी करणारा गोचा गार्बेज कलेक्टर ठरावीक अंतराने मध्ये येऊन ती अडवत होता आणि ते त्यांच्या आलेखांत स्पष्ट दिसत होतं. आधी मोजलं, मग बदललं. माझं नेमकं उलटं झालं होतं.

आणि चांगली भाषा निवडली म्हणून निश्चिंत झोपता येत नाही. एरियन ५ रॉकेटचं मार्गदर्शनाचं सॉफ्टवेअर एडामध्ये होतं. चुका होऊच नयेत म्हणून घडवलेली ती भाषा. ४ जून १९९६ ला पहिल्याच उड्डाणात, चाळीसेक सेकंदांत रॉकेट फुटलं. ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबताना तो मावला नाही. कोड एरियन ४ मधून जसाच्या तसा उचललेला. जुन्या रॉकेटच्या वेगात तो आकडा मावेलच असा हिशेब करून त्या रूपांतराभोवतीची तपासणी मुद्दाम वगळली होती. हिशेब बरोबरच होता, पण जुन्या रॉकेटसाठी. वर कहर म्हणजे कोडचा तो भाग उड्डाणानंतर लागतच नव्हता, तरी चालू ठेवलेला होता.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते, पण थोडा फिरवून. तू भाषा निवडतोयस, आणि माझ्या मते निवडायचं असतं काम. काम ठरलं की भाषा बरीचशी आपोआप ठरते. ब्राउझरमध्ये चालणारं काही करायचं तर जावास्क्रिप्ट, आणि थोड्याच दिवसांत टाइपस्क्रिप्ट. अँड्रॉइडला कॉटलिन, आयफोनला स्विफ्ट, डेटाला पायथन. ऑपरेटिंग सिस्टमच्या पोटात शिरायचं तर सी, आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २०२२ पासून थोडं रस्टही. यात वाद घालण्यासारखं फार नाही. जिथे खरंच दोन-तीन पर्याय उरतात तिथे टीममधल्या बाकीच्यांना काय येतं ते बघ. रात्री दोनला तू अडकलास तर ज्याला फोन करशील त्याला ती भाषा यायला हवी.

तुझ्या यादीत एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, नाही, हे बघून मला जरा वाईट वाटलं. १९७० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मलेली भाषा, तिच्यावरून कुणी भांडत नाही म्हणून ती यादीत येत नाही. कुठलंही काम धर, सहा महिन्यांत ती तुझ्या टेबलावर येणारच. मला वेळेत नीट आली असती तर ते तीन महिने वाचले असते.

'मेलेली भाषा' हा शब्दही जपून वापर. कोबोल १९५९ पासून आहे आणि बँकांचे व्यवहार अजून तिच्यातून जातात. उलट अ‍ॅक्शनस्क्रिप्ट दिसायला छान होती, पण तिचं घर होतं फ्लॅश, ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन आणि खेळ चालवणारं सॉफ्टवेअर. २०२० संपताना अडोबीने फ्लॅश बंद केलं आणि ती बेघर झाली. भाषा कुणाच्या आसऱ्याला आहे, हेही विचारत जा.

सध्या तू पायथन करतोयस ना? मग तेच कर, निदान वर्षभर. अर्धवट सात भाषांपेक्षा एक अशी यावी की ती कुठे चावते ते तुला झोपेतही सांगता यावं. फंक्शनच्या डिफॉल्टमध्ये, म्हणजे काही दिलं नाही तर काय धरायचं तिथे, रिकामी लिस्ट दिली तर दुसऱ्यांदा बोलावल्यावर तिच्यात आधीचा माल का सापडतो? ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ का येते? आणि हेच गाऱ्हाणं जावामध्ये आणि जावास्क्रिप्टमध्येही का ऐकू येतं? हे कळलं की कुठली खोड भाषेची आणि कुठली खालच्या यंत्राची, ते वेगळं करता येतं. मतं झाडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हे जमत नाही.

मग दुसरी भाषा घे, ती मात्र पहिलीसारखी नको. पायथननंतर रुबी शिकून फारसं नवं काही हाती लागणार नाही. सी घे.

सुरुवात म्हणून एक काम देते. रविवार ० धरून वारांना ० ते ६ असे क्रमांक दे. आज सोमवार, म्हणजे १. तीन दिवसांपूर्वी कुठला वार होता ते काढायला १ मधून ३ वजा कर आणि ७ ने भागून बाकी घे. पायथनमध्ये ५ येईल, म्हणजे शुक्रवार, बरोबर. सीमध्ये हेच केलंस तर उणे २ येईल. तो आकडा तसाच वारांच्या नावांच्या अ‍ॅरेला इंडेक्स, म्हणजे कितवं नाव हवं तो क्रमांक, म्हणून दे आणि काय छापलं जातं ते बघ. मग दोन्ही भाषांमध्ये उणे ७ ला २ ने पूर्णांक भागाकार करून बघ. पायथन उणे ४ म्हणेल, सी उणे ३. दोन्ही बरोबर आहेत. दोघींनी असं का ठरवलं असेल ते दहा ओळींत, तुझ्या शब्दांत लिही आणि मला पाठव. यादी पुन्हा पाठवू नकोस.

तुझी,
ताई