सगळे मासे शेपटी हलवूनच पोहतात का? मग पाकट आणि समुद्रघोडा कसे पोहतात? आणि सर्वांत वेगवान मासा कोणता?

मी प्राणिशास्त्र शिकवते आणि किनाऱ्यावर वाढले आहे, त्यामुळे उत्तर आपल्या ओळखीच्या माशांवरूनच देते. म्हणजे तुम्हाला पुढच्या वेळी बाजारात पडताळूनही पाहता येईल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. शिवाय जे मासे शेपटीने पोहतात असं आपण म्हणतो, तेही नुसत्या शेपटीने पोहत नाहीत. कण्याच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत स्नायूंचे पट्टे एकामागोमाग एक बसवलेले असतात. मासा शिजल्यावर ज्या पाकळ्या सुटतात ना, ते हेच पट्टे. डाव्या बाजूचे आवळले की अंग डावीकडे वाकतं, लगेच उजवीकडे, आणि हे वाकणं लाटेसारखं मागे सरकत जातं. ही लाट पाणी मागे ढकलते, म्हणून मासा पुढे जातो. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन असतं, त्यामुळे ढकलायला ते चांगलं असलं तरी चिरून पुढे जायला तितकंच अवघड. माशांच्या आकारांतली बरीचशी विविधता या ओढाताणीतून आली आहे.

या लाटेत अंगाचा किती भाग सामील होतो, त्यावरून 1926 साली चार्ल्स ब्रीडर या अमेरिकन शास्त्रज्ञाने पोहण्याचे प्रकार पाडले. ती नावं आजही वापरात आहेत. एका टोकाला वाम. तिचं सगळं अंग लाटेत असतं. लाट उलट्या दिशेने सोडली की ती मागेही जाते, म्हणून खडकाच्या बिळात तोंडाने शिरून शेपटीने बाहेर यायला तिला अडचण पडत नाही. ही पद्धत संथ म्हणून कमी दर्जाची समजू नका. युरोपातल्या नद्यांमधल्या वामी अंडी घालायला अटलांटिकमधल्या सार्गासो समुद्रापर्यंत 5000 किलोमीटरहून जास्त जातात, आणि तेही वाटेत काही न खाता.

दुसऱ्या टोकाला गेदर, म्हणजे ट्यूना. त्याचं पुढचं अंग जवळजवळ ताठ राहतं आणि जोर लागतो तो फक्त चंद्रकोरीच्या आकाराच्या कडक शेपटीवर. बांगडा या दोघांच्या मधला, पण गेदराकडे झुकणारा. आख्खा बांगडा हातात घेऊन त्याची शेपटी बघा. शेपटीच्या अलीकडे अंग किती बारीक झालंय? तिथे मांस जवळजवळ नाहीच, कारण तो भाग पाण्यात वेगाने इकडून तिकडे जातो आणि रुंद असता तर पाण्याने अडवला असता. त्याच्या आधी पाठीवर आणि पोटाकडे पाच-पाच इवले सुटे पर, म्हणजे माशाचे पंख, ओळीने दिसतील. शेपटीकडे येणारं पाणी विस्कटू नये म्हणून ते उपयोगी पडत असावेत, असं मानतात. आता बांगडा मधोमध आडवा कापा. फिकट मांसाच्या कडेला, कातडीखाली, दोन्ही बाजूंना काळपट लाल पट्टा दिसेल. काहीजणांना त्याचा वास आवडत नाही, पण बांगड्याचा सगळा दिवस त्या पट्ट्यावर चालतो. त्यात रक्तपुरवठा भरपूर, ऑक्सिजन धरून ठेवणारं द्रव्य भरपूर, म्हणून तो न थकता तासन्‌तास काम करतो. फिकट मांस मोठा मासा मागे लागला तरच कामाला येतं. त्याने जोर प्रचंड मिळतो, पण ते लवकर थकतं.

गेदरात हा लाल भाग आत, कण्याजवळ असतो, आणि तिथल्या रक्तवाहिन्यांची रचना अशी की स्नायूंची ऊब बाहेर जात नाही. म्हणजे हा मासा आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम स्नायूंनी पोहतो. त्याची किंमतही तो मोजतो. कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवण्यासाठी त्याला जन्मभर पोहत राहावं लागतं, थांबला तर गुदमरेल.

इथे मुशीबद्दल, म्हणजे शार्कबद्दल, एक सांगायला हवं. 'शार्क थांबला की मरतो' हे सरसकट खरं नाही. तळाशी राहणाऱ्या बऱ्याच जाती पडल्या पडल्या तोंडाने पाणी ओढून श्वास घेतात. मात्र शार्कना हवेची पिशवी नसते. घोळीच्या ज्या पिशवीला एवढा भाव येतो, ती तिला पाण्यात तरंगत ठेवते. मुशीचं हेच काम थोडंफार तेलाने भरलेलं मोठं यकृत करतं, उरलेलं छातीचे पसरट पर. सुरमईलाही पिशवी नसते, त्यामुळे तिलाही सतत पुढे जात राहावं लागतं.

पापलेटचं गणित निराळं. उंच, चपटं अंग लांब पल्ल्याच्या धावेसाठी नाही, पण चटकन वळायला फार सोयीचं. पोटाखाली बोट फिरवून बघा. इतर माशांना तिथे परांची एक जोडी असते, मोठ्या पापलेटला नसते.

आता पाकट. त्याची शेपटी चाबकासारखी, तिच्यावर विषारी काटा, पण पोहायला तिचा काही उपयोग नाही. अंगाच्या दोन्ही कडांना पसरलेले पर हेच त्याचं साधन. त्यांच्या काठाने लाट पुढून मागे जाते आणि पाकट तळालगत सरकत राहतो. लेपही असाच चपटा दिसतो, म्हणून लोक दोघांना एका माळेत ओवतात, पण त्यांचं नातं फार दूरचं. पाकट पाठीपोटाकडून चपटा आहे, तर लेप चक्क कुशीवर आडवा झालेला असतो. त्याचं पिल्लू आधी इतर माशांसारखं उभं पोहतं, मग एक डोळा डोक्यावरून सरकून दुसऱ्याच्या शेजारी येतो आणि मासा आडवा होतो. त्यामुळे त्याचं अंग नेहमीच्या माशासारखंच डावी-उजवीकडे वाकतं, फक्त आपल्याला ते वर-खाली वाकताना दिसतं. मला माशांमध्ये याहून आश्चर्याची गोष्ट सापडलेली नाही.

काही माशांनी वेगाचा नादच सोडला. केंड पाठीचा आणि खालचा पर हलवून जागच्या जागी फिरतो. समुद्रघोड्याच्या शेपटीला तर परच नसतो, ती पाणवनस्पतींना धरून राहायला. तो उभा तरंगतो आणि पाठीवरचा छोटा पर सेकंदाला तीसेक वेळा थरथरवत पुढे जातो. खाडीतली निवटी पाण्याबाहेरही चालते. ओहोटीच्या वेळी खारफुटीजवळच्या चिखलात तिच्याकडे नीट बघा. छातीचे दोन्ही पर कुबड्यांसारखे एकदम पुढे टेकते आणि अंग ओढून घेते. घाबरली की शेपटीच्या फटक्याने उडी मारते.

राहिला सर्वांत वेगवान माशाचा प्रश्न. सेलफिश, म्हणजे पाठीवर शिडासारखा उंच पर असलेला मोठा समुद्री मासा, ताशी 110 किलोमीटरने जातो हे सगळीकडे वाचायला मिळतं, पण मला ते पटत नाही. 1958 साली केंब्रिजमध्ये रिचर्ड बेनब्रिज यांनी गोल फिरणाऱ्या टाकीत मासे पोहायला लावून मोजलं की शेपटीच्या एका पूर्ण हेलकाव्यात मासा आपल्या लांबीच्या साधारण 0.6 ते 0.7 पट पुढे जातो. समजा, 30 सेंटिमीटरचा मासा सेकंदाला दहा हेलकावे देतोय. म्हणजे जास्तीत जास्त सेकंदाला 2.1 मीटर, ताशी साडेसात किलोमीटर. मासा मोठा झाला की एका हेलकाव्यातलं अंतर वाढतं, पण स्नायू आवळून सुटायला लागणारा वेळही वाढतो, त्यामुळे हेलकावे कमी होतात. 2016 साली सेलफिशच्या स्नायूंचा हा वेळ मोजून वेग काढला, तेव्हा तो ताशी 36 किलोमीटरच्याही आत आला. 110 साठी त्याला तिप्पट वेगाने शेपटी हलवावी लागली असती. शिवाय सेकंदाला 10 ते 15 मीटरच्या पुढे शेपटीभोवती पाण्यात बुडबुडे तयार होऊन फुटायला लागतात आणि जोर वाया जातो. त्यामुळे सेलफिश वेगवान माशांपैकी एक नक्कीच, पण 110 चा आकडा बाजूला ठेवा.