बाबांचा सीटी झालाय, मग परत ड्युअल एनर्जी सीटी कशाला?

प्रश्न : वडिलांना (वय ६२, तंबाखूची सवय) स्वरयंत्राचा कॅन्सर निघालाय. सीटीच्या रिपोर्टमध्ये 'थायरॉइड कार्टिलेजमध्ये पसरल्याची शक्यता' असं लिहिलंय. आता सर्जन ड्युअल एनर्जी सीटी करा म्हणतायत. उगाच खर्च तर नाही ना? त्यांच्या दाढांना मेटलच्या कॅपही आहेत.

उत्तर : ताई, उगाच नाही. रिपोर्टमधला तो 'शक्यता' शब्द आहे ना, अडचण तिथेच आहे. गळ्यावर पुढून बोट ठेवलं की जो कडक उंचवटा लागतो ते थायरॉइड कार्टिलेज, म्हणजे स्वरयंत्राची कूर्चा (थायरॉइडच्या आजाराशी याचा संबंध नाही, नावामुळे बरेच जण घाबरतात). वयाप्रमाणे ते कुठे हाडासारखं होतं कुठे मऊच राहतं, आणि साध्या सीटीत हा मऊ भाग नि गाठ दोन्ही जवळपास सारखेच राखाडी दिसतात, त्यामुळे आम्ही रेडिओलॉजिस्टपण तिथे अडकतो.

ड्युअल एनर्जीत दोन ताकदीचे एक्सरे वापरतात, बऱ्याच मशीनवर ८० आणि १४० किलोव्होल्ट. शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्टमधलं (चित्र स्पष्ट यावं म्हणून देतात ते औषध) आयोडीन कमी ताकदीचे एक्सरे जास्त अडवतं, त्यावरून कॉम्प्युटर नेमकं आयोडीन वेगळं काढून रंगात दाखवतो. गाठीला रक्तपुरवठा असतो म्हणून ती रंगते, कार्टिलेजमध्ये रक्तवाहिन्या नसतात म्हणून ते काळंच राहतं. सीमा कुठे आहे ते मग बऱ्यापैकी कळतं.

आणि हे कळणं फार महत्त्वाचं आहे हो, कारण कार्टिलेज आरपार खाल्लं गेलं असेल तर स्टेज टी-४ए (म्हणजे बरीच पुढची) होते आणि बऱ्याचदा पूर्ण स्वरयंत्र काढावं लागतं, श्वासासाठी गळ्याला कायमचं छिद्र. तसं नसेल तर किमो-रेडिएशनने आवाज वाचवायचा विचार करता येतो.

कॅपची काळजी नको, स्वरयंत्र दातांच्या बरंच खाली असतं. जिभेचा, गालाचा कॅन्सर असता तर कॅपमुळे चित्रात रेघा आल्या असत्या, आणि त्याही यात कमी करता येतात, सगळ्या जात नाहीत.

आधी एक विचारा, पहिला स्कॅन कुठल्या मशीनवर झाला. काही स्पेक्ट्रल मशीनमध्ये (ड्युअल एनर्जीचाच एक प्रकार) हा डेटा आपोआप साठतो, तो अजून असेल तर दुसरा स्कॅन लागणारही नाही. लागलाच तर क्रिएटिनिनचा (किडनीची रक्ततपासणी) रिपोर्ट न्या, डायबेटिसची गोळी चालू असेल तर सांगा, आणि बाबांना घरीच सांगून ठेवा की स्कॅन चालू असताना गिळायचं नाही, हळू श्वास घ्यायचा. एकदा गिळलं की स्वरयंत्र वरखाली होतं आणि नेमकी तीच जागा धूसर येते.