पॉपीला नेमकं झालंय काय?

प्रश्न : बाई, माझं राजारामपुरीत ड्रायव्हिंग स्कूल आहे. पोरानं मोबाइलवर ‘हॅपी-गो-लकी’ लावून दिला, म्हणाला, पप्पा, तुमच्या धंद्यावरचा पिक्चर आहे. त्यातली पॉपी सायकल चोरीला गेली तरी हसते, पाठीत कळ आली तरी हसते. गाडी शिकताना रस्ता सोडून सगळीकडं बघते. वर टाचांचे बूट! मी तर पहिल्या दिवशीच उतरवली असती. आता हिचं दुःख कळेल, मग कळेल, म्हणून शेवटपर्यंत बसलो. कळलंच नाही. बाईला नेमकं झालंय काय? आणि त्या ड्रायव्हिंगच्या मास्तरावर अन्याय नाही का झाला?

उत्तर : मास्तर, तिला काहीही झालेलं नाही. पिक्चर तेवढंच सांगतोय, आणि तेच आपल्याला पचत नाही.

आपल्याला सवय लागली ‘आनंद’ची. १९७१ साली हृषीकेश मुखर्जींनी राजेश खन्नाला भरपूर हसवला, पण कॅन्सर देऊन. त्याच्या आदल्याच वर्षी राज कपूरचा जोकर आई गेल्यावरही लोकांना हसवायला रिंगणात उतरला. हसणाऱ्याच्या खिशात दुःखाची पावती असली की आपण त्याला सोडतो. माइक ली या इंग्रज दिग्दर्शकानं २००८ साली बिनपावतीची बाई उभी केली. वय तीस, लग्न नाही, मैत्रिणीबरोबर भाड्याच्या घरात राहते, लंडनच्या प्राथमिक शाळेत शिकवते. लग्न झालेली बहीण तिला घर घे, पेन्शनचं बघ म्हणून सुनावते. ती बहीण मला थेट आमच्या भावकीतली वाटली.

मी जन्मभर पहिली-दुसरीचे वर्ग घेतले, म्हणून माझी नजर तिच्या शाळेवरच राहिली. आदल्या रात्री ती आणि मैत्रीण घरी बसून कागदी पिशव्यांचे पक्ष्यांचे मुखवटे करतात. दुसऱ्या दिवशी वर्गभर पंख फडफडतात. बघणाऱ्याला वाटतं, काय पोरकट बाई आहे. अहो, लहान पोरांपुढं पोरकट होणं हे कामच आहे, आणि घसा बसेपर्यंत करावं लागतं. मग एक मुलगा इतरांना मारताना तिला दिसतो. तिथं तिची बडबड थांबते. ती त्याला रागवत नाही. मोठ्या बाईंच्या कानावर घालते, समाजसेवकाला बोलावलं जातं, आणि मुलाकडून हळूहळू निघतं की घरी आईचा मित्र त्याला मारतो. तो प्रसंग परत लावा आणि नुसतं तिच्या तोंडाकडं बघा. हसू खोटं असतं तर इथं उघडं पडलं असतं. पॉपी झालेल्या सॅली हॉकिन्सला बर्लिनच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं. मी असते तर या एका प्रसंगावर दिलं असतं.

आता तुमचा मास्तर, स्कॉट. बुटांबद्दल तो बोलतो ते बरोबरच. आरशांचा त्याचा तो ‘एन-रा-हा’ मंत्र विचित्र असला तरी आरसे बघायला लावतो, हेही बरोबर. पण पॉपी गाडीत बसायच्या आधीपासून तो जगावर चिडलेला आहे. सायकलवरून जाणारी दोन काळी पोरं दिसली की दारं लॉक करायला सांगतो. पुढं तर तिच्या घराबाहेर घुटमळतो. शेवटी तिच्या मित्राला पाहून त्याचा तोल पार जातो, तेव्हा ती गाडीची किल्ली काढून घेते. तुमचा एखादा मास्तर त्या अवस्थेत गाडी काढायला निघाला, तर तुम्ही दुसरं काय कराल?

ती त्याची टर उडवते हे मात्र खरं, आणि तिथं मलाही ती आवडली नाही. त्याला आतून काय होतंय हे तिच्या उशिरा लक्षात येतं. ली तयार पटकथा हातात देत नाही, नटांकडून महिनोन्‌महिने तालमी करून पात्रं उभी करून घेतो. म्हणून असेल, पण या दोघांतलं कुणीच सोयीचं झालेलं नाही. एडी मार्सननं केलेला स्कॉट बघून मला राग आला आणि कीवही आली.

प्रश्न : त्याच पिक्चरमधल्या स्पॅनिश नाच शिकवणाऱ्या बाईंचं काय काम होतं? मध्येच येतात, रडतात, जातात.
(मंगळवार पेठेतील एक वाचक)

उत्तर : मला तर वाटतं, हा पिक्चर शिकवणाऱ्यांचाच आहे. पॉपी शिकवते, स्कॉट शिकवतो, या बाई फ्लेमेंको शिकवतात. ही माझी जागा आहे असं पाय आपटून म्हणायला लावतात, आणि शिकवता शिकवताच दगा दिलेल्या माणसाची आठवण निघून रडत वर्गाबाहेर जातात. घरचं दुखणं वर्गात आलं की काय होतं, ते दोन मिनिटांत दिसतं. स्कॉटला तेच दाखवायला अख्खा पिक्चर लागतो. आमच्या शाळेत असं काही झालं की आम्ही पोरांना शुद्धलेखन घालायचो आणि तोंड धुऊन यायचो.