शांत ग्रामीण भागातल्या जंगलवाटांवर भटकंतीला जाताना किती अंतर ठरवावे आणि काय तयारी ठेवावी?

तुम्ही दोघे पाट्या आणि खुणा असलेल्या वर्दळीच्या डोंगरवाटांवर दिवसाला पंधरा किलोमीटर चालता, आणि आता फारसे कोणी फिरकत नाही अशा ग्रामीण भागातल्या जंगलवाटांवर जायचे म्हणता. तेवढेच अंतर धरावे का, मोबाइलवरचा नकाशा पुरेल का आणि मार्ग गोलाकार घ्यावा की गेल्या वाटेनेच परतावे, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

अंतर पहिल्या वेळी निम्मे धरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या दमाविषयी मला शंका नाही. वर्दळीच्या वाटेवर वाट शोधण्याचे काम तुमच्याआधी गेलेल्या लोकांनी करून ठेवलेले असते, त्यामुळे तिथे नुसते चालायचे असते. आडबाजूच्या जंगलात ते काम तुमच्यावर येते आणि दिवसाचा बराच वेळ खाते. अशा भागातली वाट एक-दोन हंगाम कोणी वापरली नाही, तर दोन्ही बाजूंचे गवत आणि झुडपे तिला मिटवून टाकतात. वाटेवर झाड आडवे पडले की पहिला येणारा त्याला वळसा घालून जातो, दुसरा त्याच्या पावलांवर जातो आणि काही दिवसांनी वळशाचीच वाट होते. कधी ती पुढे मूळ वाटेला मिळते, कधी मिळत नाही. पानगळीनंतर तर सगळी जमीन एकसारखी दिसू लागते.

या भागांतली खरी अडचण वाट नसण्याची नसून वाटा फार असण्याची आहे. गुरांच्या, रानडुकरांच्या, हरणांच्या वाटा, लाकूड ओढून नेण्यासाठी पाडलेले गाडीरस्ते आणि माणसांची पायवाट हे सगळे एकमेकांत गुंतलेले असते. ढोरवाट जमिनीवर ठसठशीत दिसते, कधीकधी खऱ्या वाटेपेक्षाही रुंद, आणि म्हणूनच ती फसवते. अशा वेळी मी पायांखाली पाहणे थांबवतो आणि छातीच्या उंचीवर पाहतो. जनावर फांद्यांखालून निघून जाते, त्यामुळे ढोरवाटेवर छातीच्या आणि तोंडाच्या उंचीला फांद्या आडव्या आलेल्या असतात. माणसांच्या वाटेवर त्या मोडलेल्या किंवा छाटलेल्या सापडतात. छाटलेल्या फांदीचे टोक तिरके आणि सपाट असते, वाऱ्याने मोडलेल्या फांदीचे टोक चिंधड्या झालेले असते. जुन्या पायवाटेवर आडव्या आलेल्या मुळांची वरची साल पावलांनी घासून गेलेली असते आणि ती मुळे तुळतुळीत झालेली असतात. ढोरवाट शिवाय वारंवार फुटते, पुन्हा जुळते आणि शेवटी पाण्याकडे किंवा चराईच्या मोकळ्या जागेकडे जाऊन विरते. लाकूडतोडीच्या रस्त्याची गंमत वेगळीच आहे: तो रुंद, सरळ आणि आश्वासक असतो आणि तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांमध्ये एकाएकी संपतो. तो नकाशात नसण्याचीही शक्यता असते, कारण असे रस्ते कामापुरते पाडले जातात.

मोबाइलवरचा नकाशा जरूर वापरावा, परंतु तो काय सांगतो आणि काय सांगत नाही हे ओळखून. भटकंतीची बहुतेक अ‍ॅप्स २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपची माहिती वापरतात. त्यातली वाटेची रेघ कोणा स्वयंसेवकाने, बहुधा स्वतः चालून किंवा उपग्रहाचे छायाचित्र पाहून, आखलेली असते. त्या वाटेवरून शेवटचे माणूस कधी गेले, हे त्या रेघेवरून कळत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइल आपली जागा साधारण पाच मीटरच्या आत दाखवतो, पण झाडांच्या दाट पानांखाली आणि अरुंद घळीत ही चूक बरीच वाढते. त्यामुळे पडद्यावरचा ठिपका रेघेपासून वीस मीटर बाजूला दिसला, म्हणून चांगली मळलेली वाट सोडून झुडपांत घुसणे शहाणपणाचे नाही. नकाशा घरूनच उतरवून घ्यावा आणि फोन विमान मोडवर ठेवावा. नेटवर्क नसलेल्या भागात फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी त्यातच संपते. विमान मोडमध्ये बहुतेक फोनचे जीपीएस चालूच राहते.

यासोबत समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा रेषांनी जोडून चढ-उतार दाखवणारा, कागदी नकाशा आणि होकायंत्र घ्यावे, हा सल्ला तुम्ही ऐकलेला असेल. माझ्या मते कागदी नकाशाचा सर्वांत मोठा उपयोग निघण्याआधी होतो. ओढा कुठे ओलांडायचा आहे, चढ कुठे संपतो, डोंगराची सोंड डाव्या हाताला किती वेळ राहणार आहे, हे आदल्या संध्याकाळी डोक्यात बसवून घेतले की चुकीच्या वाटेवर पाऊण तास चालावे लागत नाही. जिथे चढ हवा तिथे उतार लागला की पाचव्या मिनिटालाच खटकते.

परतीच्या वाटेविषयी मी जरा जास्त लिहितो, कारण गडबड तिथेच होते. जाताना दुसरी एखादी वाट मागून तिरकी येऊन तुमच्या वाटेला मिळते, तेव्हा ती बहुधा लक्षातही येत नाही, कारण तुमची नजर पुढे असते. परतताना मात्र त्याच जागी तुमच्यासमोर दोन फाटे उभे राहतात आणि दोन्ही सारखेच खरे वाटतात. म्हणून दर थोड्या वेळाने, आणि प्रत्येक ओढ्यापाशी, वळणापाशी आणि मोकळ्या जागेपाशी न चुकता, मागे वळून पाहावे आणि जागा संशयाची असली तर मागच्या दिशेचा फोटो काढून ठेवावा. पुढच्या दिशेचे फोटो सगळेच काढतात; परतताना त्यांचा काही उपयोग होत नाही.

एवढे करूनही वाट सुटली, तर तिथेच थांबावे आणि शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत आल्या पावली मागे जावे. 'सरळ चालत राहिलो तर कुठेतरी निघूच' हा विचार घातक आहे, कारण खुणेशिवाय माणसाला सरळ चालता येत नाही. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतील यान सौमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली यावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. सपाट जंगलात लोकांना सरळ चालायला सांगितले, तेव्हा सूर्य दिसत होता तोवर ते जवळजवळ सरळ गेले. ढगाळ दिवशी मात्र ते गोल गोल फिरत राहिले आणि आपलीच वाट पुन्हा ओलांडली तरी त्यांना त्याचा पत्ता लागला नाही. चकवा लागायला अंधार किंवा भीती असण्याची गरज नसते, ढगाळ आकाश पुरते. ओढ्याच्या कडेने खाली उतरत गेले की वस्ती लागते, हा सल्लाही मी डोंगराळ भागात मानत नाही. ओढा सर्वांत तीव्र उताराने जातो, म्हणजे कडे, धबधबे आणि निसरडे दगड त्याच्याच वाटेवर असतात.

वेळेच्या हिशेबासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम अजून वापरला जातो. आजच्या मापात तो असा: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे दहा किलोमीटर अंतर आणि सहाशे मीटर चढ असेल तर तीन तास. हा हिशेब चांगल्या वाटेचा आणि न थांबता चालण्याचा आहे. अस्पष्ट जंगलवाटेसाठी मी त्याची दीडपट ते दुप्पट धरतो. त्यावरून परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी आणि ती झाली की ठिकाण दहा मिनिटांवर असले तरी मागे फिरावे. झाडांखाली अंधार सूर्यास्ताची वाट पाहत नाही, तेव्हा परतीचा अंदाज सूर्यास्ताच्या किमान दीड तास आधीचा असावा. डोक्याला बांधायची बॅटरी दोघांकडे स्वतंत्र असावी.

निवांत भागाचा आणखी एक अर्थ असा की पाय मुरगळला तर मागून कोणी येणार नाही. कुठून शिरणार, कुठून निघणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागवायची, हे घरच्या किंवा मुक्कामाच्या माणसाला लिहून द्यावे. 'संध्याकाळपर्यंत येऊ' एवढे पुरेसे नाही. गळ्यात शिट्टी असावी. डोंगरातला संकटाचा रूढ इशारा मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांतता आणि पुन्हा सहा वेळा असा आहे. उत्तर मिनिटात तीन वेळा येते. ओरडण्याने घसा लवकर बसतो आणि आवाजही फार लांब जात नाही.

गावातल्या माणसाला वाट विचाराल, तेव्हा 'वाट आहे का' असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर 'आहे' असेच येते. 'या हंगामात तिकडून कोण गेले होते आणि ओढ्याला पाणी किती आहे' असे विचारा, म्हणजे कामाची माहिती मिळते. वाटेत फाटक लागले तर ते जसे होते तसेच ठेवावे, उघडे असेल तर उघडे. त्यामागे कोणाच्या तरी गुरांचा हिशेब असतो. जिथे शिकारीला परवानगी असते, तिथे हंगामात भडक केशरी रंगाचे कपडे घालावेत.

हिंस्र प्राण्यांपेक्षा गोचिडांची काळजी अधिक करा. पूर्ण बाह्यांचा सदरा, मोज्यांत खोचलेली पँट आणि संध्याकाळी अंगाची तपासणी एवढे नेमाने करावे. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तेल लावू नये आणि चटका देऊ नये. ओढ्याचे पाणी एक मिनिट खळखळून उकळावे, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे; पण वरच्या अंगाला शेती असेल तर उकळल्याने जंतू मरतात, फवारणीची रसायने जात नाहीत, तेव्हा ग्रामीण भागात पाणी सोबत नेणेच बरे. आणि विसाव्याला बसण्याआधी वर पाहावे: वाळलेली, अडकून राहिलेली फांदी वारा नसतानाही खाली येते.

राहिला गोलाकार मार्गाचा प्रश्न. पहिल्या खेपेला तो घेऊ नये. गोलाकार मार्गात दुसरा निम्मा भाग कायम अनोळखी असतो आणि तो दमलेल्या पायांनी, उतरत्या उन्हात चालावा लागतो. तिथे वाट मोडलेली निघाली तर संपूर्ण मार्ग उलटा चालण्याइतका दिवसही उरत नाही, आणि माणूस मग झुडपांतून आडवे जाण्याचा विचार करू लागतो. गेल्या वाटेनेच परतायचे असेल तर कुठल्याही क्षणी मागे फिरता येते आणि पुढचे सगळे पाहिलेले असते. पुढच्या खेपेला याच मार्गाला विरुद्ध टोकाकडून भिडा, म्हणजे राहिलेला भाग सकाळच्या उजेडात पाहून होईल. दोन्ही बाजू माहीत झाल्यावर तिसऱ्या वेळी गोल पूर्ण करायला माझी काही हरकत नाही.